धुळ्याचा कौल

देशाला एकच पक्ष पुरे, की अनेक हवेत? उत्तर आपल्या खानदेशातच आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. पारतंत्र्याशी लढताना एका झेंड्याखाली नाना मतांची माणसं नांदली. स्वातंत्र्यानंतर त्याच पक्षाकडे केंद्राची आणि राज्याची सत्ता आली.

१९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झालं. स्वतंत्र मराठी राज्य न मिळाल्याने मराठी माणूस नाराज होता, पण काँग्रेसमधले अनेक मराठी नेते पक्षशिस्तीने बांधलेले होते. मग लोकांचं म्हणणं मांडलं संयुक्त महाराष्ट्र समितीने. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी न पटणारे पक्ष तिथे एकत्र आले. याच नाराजीच्या लाटेत १९५७ च्या निवडणुकीत आपल्या शेजारच्या धुळ्याने जनसंघाच्या उत्तमराव पाटलांना लोकसभेत पाठवलं. देशभरात जनसंघाला तेव्हा चारच जागा मिळाल्या होत्या!

मतपेटीतला हा राग दिल्लीपर्यंत पोहोचला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, आणि केंद्रात सत्ता काँग्रेसचीच होती. दुसरा पर्याय असला, की सत्ताधाऱ्यालाही निर्णय बदलावा लागतो. म्हणून पक्ष अनेक हवेत, आणि मतदार जागा हवा.