सुती तंतु आणि कार्बनची नळी

आपण वाचतों तो कागद, नेसतों तें सुती वस्त्र आणि बसतों ती लांकडी खुर्ची या तिहींचा मुख्य घटक एकच आहे: सेल्युलोज. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायें यांनीं १८३८ सालीं तें वनस्पतींतून वेगळें करून दाखविलें. आतां त्याचे तंतु इतके बारीक सोडवितां येतात कीं, त्यांची जाडी अवघी ३-४ नॅनोमीटर, म्हणजे केंसाच्या सुमारें विसांहजाराव्या भागाएवढी भरते. याच कामाबद्दल टोकिओ विद्यापीठाचे अकिरा इसोगाई व त्यांचे सहकारी यांना २०१५ सालीं मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालें. मुंबईंत माटुंगा येथें १९२४ पासून कापसाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेंतही असें सूक्ष्म सेल्युलोज तयार करतात.

या तंतूंतून वीज वाहत नाहीं. ती वाहते कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांतून. सुमिओ इजिमा यांनीं १९९१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पण या नळ्या पाण्यांत टाकतांच त्यांचे पुंजके होतात. तंतूंवर ऋण विद्युद्भार असतो. ते नळ्यांना बिलगले, म्हणजे भारलेले तंतु एकमेकांस दूर लोटतात आणि नळ्याही सुट्या राहतात. हा काळा द्रव वाळविला कीं वीज वाहून नेणारा पातळ कागद तयार होतो.

पावसाळ्यांत आपल्या घरचीं दारें फुगतात. तसाच हा कागद ओल शोषून फुगतो, नळ्यांमधील अंतर वाढतें आणि विजेला होणारा रोध वाढतो. तो रोध मोजला कीं हवेंतील ओल कळते. कागद ताणला तरीही रोध वाढतो. म्हणून त्वचेवर चिकटवून नाडी व श्वास मोजण्याचे प्रयोग चालू आहेत.

खरी अडचण येथेंच आहे. तापानें घामाघूम झालेल्या रुग्णाच्या छातीवर ही पट्टी लावली, तर वाढलेला रोध श्वासाचा कीं घामाचा? ज्या गुणावर भिस्त ठेवावी, तोच गुण येथें वैरी होतो. म्हणून पट्टीवर पाणी न शिरणारें आवरण घालावें लागतें, किंवा शेजारीं केवळ ओल मोजणारी दुसरी पट्टी ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट. सेल्युलोज मातींत कुजतें, परंतु कार्बनच्या नळ्या सहजासहजीं कुजत नाहींत. तेव्हां अशा वस्तूला कोणी निव्वळ ‘नैसर्गिक’ म्हणूं लागला, तर तिच्यांतील काळा भाग शेवटीं कोठें जाणार, हें आपण अवश्य विचारावें.