गाडीतलं अंथरूण

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागतं. नाणेघाट पहाटे चढायचा, तर इथे रात्री गाडीतच झोपणं सोयीचं. महाराष्ट्राने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून छोटी व्हॅन सजवून घेण्याचा विचार अनेक घरांत होतो.

सुतार बोलावण्याआधी टेप घ्या आणि गाडीत आडवे होऊन बघा. मारुती इकोची बाहेरची रुंदीच पाच फुटांच्या आत. तिथे पलंग लांबीलाच हवा. मोठ्या ट्रॅव्हलरमध्ये आडवा बसू शकतो, पण उंच माणसाचे पाय दुमडतात.

टेबल खाली करून होणारा पलंग जागा वाचवतो. पण पावसाळ्यात दिवसभर आतच बसावं लागतं, म्हणजे पलंग रोज मोडावा लागतो, आणि दमून आल्यावर रोज गाद्या जुळवणं नकोसं होतं. दोघांसाठी मी कायमचा पलंगच निवडेन, खाली सामानाचे कप्पे.

समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या हव्यातच, नाहीतर श्वासाच्या वाफेने गादी ओलसर होते. बंद गाडीत शेगडी किंवा इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पावसात घाटातल्या कड्याखाली मुक्काम नको, दरडी कोसळतात. खाली गावात, विचारून गाडी लावा.