महामार्गाच्या कडेला थांबताना



वसईची खाडी ओलांडून उत्तरेस निघालेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग चिंचोटी, सातिवली, पेल्हार, विरार फाटा ही ठिकाणे मागे टाकीत पुढे मनोर, चारोटी आणि तलासरीकडे जातो. गुजरातेतून माल भरून निघालेल्या ट्रकचालकाच्या दृष्टीने तो देशाच्या दोन टोकांना सांधणारा राजमार्ग असतो. परंतु सातिवलीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या, किंवा पाड्यावरून शाळेला निघालेल्या मुलाच्या दृष्टीने तो केवळ घर आणि काम यांच्यामध्ये आडवा पडलेला, रोज दोनदा ओलांडावयाचा रस्ता असतो. एकाच रस्त्याने राजमार्गाचे आणि गावातल्या आळीचे अशी दोन्ही कामे करावीत, ही आपली अपेक्षा, आणि माझ्या मते या भागातील अपघातांचे मूळ कारण हीच होय.

या मुळाला ज्या शाखा फुटतात त्या आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पुढचे वळण दूर आहे म्हणून अर्धा मैल उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार, दुभाजक फोडून सोयीसाठी केलेली वाट, ढाब्यासमोर मागचे दिवे न लावता उभा केलेला अवजड ट्रक, आणि पहिल्या पावसात धूळ व तेल एकत्र होऊन निसरडा झालेला पृष्ठभाग, यांपैकी कोणतीही गोष्ट एकटी असता बहुधा निभावून जाते. पण तिला वेगाची जोड मिळाली म्हणजे निभावण्यास अवधीच उरत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. समोरचा अडथळा डोळ्यांना दिसणे, मनाला उमगणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत सावध मनुष्याचाही दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यास आरंभ होतो तेव्हा गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबण्यास जे अंतर लागते ते, वेग दुप्पट केला असता, चौपट होते. निद्रेने जड झालेले डोळे, मद्याने मंदावलेली बुद्धी किंवा हातातला मोबाईल या दीड सेकंदाचे तीन सेकंद करतात. वेगाचा हा हिशेब वाहन चालविण्याचा परवाना देताना प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याच पालघर जिल्ह्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, उदवाड्याहून मुंबईस परतणारी एक मोटार चारोटीजवळ सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर आदळली आणि टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल हे दोघे मरण पावले. पुढे बसलेली दोन माणसे गंभीर जखमी झाली, पण वाचली. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे तपासात निष्पन्न झाले. पुलापाशी तीन पदरांचा रस्ता दोन पदरांचा होतो, याचीही त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली आणि ती योग्यच होती. कारण रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी वाहन चालविणाऱ्याहून कमी नाही. तथापि गाडी थांबली तरी आत बसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते, हा निसर्गनियम उत्तमातल्या उत्तम मोटारीलाही टाळता येत नाही. मागील आसनावरील प्रवाशानेही पट्टा बांधला पाहिजे असा नियम फार पूर्वीपासून आहे. आपण मात्र वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना सन्मानाने मागे बसवतो आणि पट्टा बांधण्यास सांगणे हा त्यांचा उपमर्द समजतो.

आता अपघातानंतरच्या कर्तव्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमान्वये चालकाने थांबून जखमीस वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे आणि पोलिसांना वर्दी दिली पाहिजे, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत. याच कलमात एक अपवाद आहे, तो वाचून मला नेहमी खिन्नता वाटते: जमावाच्या क्षोभामुळे मदत मिळवून देणे अशक्य असेल तर, असे शब्द कायदेमंडळाला घालावे लागले आहेत. चालकाला खाली ओढून मारहाण करणारा जमाव आपण न्याय करीत आहोत असे समजतो. प्रत्यक्षात पुढच्या अपघातातील चालकाला तो पळून जाण्याचा धडा देत असतो, आणि ज्या मिनिटांत जखमीच्या रक्तस्रावावर हात दाबून धरावयाचा ती मिनिटे त्या मारहाणीत संपतात.

दुसरी भीती थांबून मदत करू इच्छिणाऱ्याची. मदत केली तर ठाण्यात बसवतील, जबाब घेतील, रुग्णालयाचे बिल गळ्यात पडेल, या धास्तीने किती सज्जन काच वर करून पुढे निघून जातात! ही धास्ती पूर्वी निराधार नव्हती. परंतु ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम कायद्यात दाखल झाले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्या इसमावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, आणि त्याची इच्छा नसता नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. जखमीस रुग्णालयाच्या दारी पोहोचवून तो आपल्या मार्गाने जाऊ शकतो. ही गोष्ट प्रत्येक रिक्षाथांब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी, इतक्या मोलाची आहे.

मदत करताना प्रथम आपली गाडी कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, मागून येणाऱ्यांना दुरूनच इशारा मिळेल अशी व्यवस्था करावी आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. आगीचा धोका नसेल तर जखमीस ओढून बाहेर काढू नये. मणक्याला इजा असल्यास तेवढ्यानेच तो जन्माचा पंगू होऊ शकतो. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, आणि तोंडात पाणी घालू नये, मग त्याने कितीही मागितले तरी. खर्चाच्या विवंचनेने कोणी अडू नये, म्हणून मे २०२५ पासून केंद्र सरकारने नियुक्त रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत विनाशुल्क उपचारांची योजना अंमलात आणली आहे.

जीव सुरक्षित झाल्यावर दप्तराचे काम. वाहने हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, दुसऱ्या वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, विमा कंपनीस विनाविलंब कळवावे. रस्त्यावरच चार पैसे घेऊन प्रकरण आपसांत मिटविण्याचा आग्रह होतो. त्यास बळी पडू नये, कारण आतला मार पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमटतो. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो अक्षरशः वाचावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे. एरवी नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो, आणि कायद्याने घातलेली मुदत सहा महिन्यांची असल्याने दुःखाच्या भरातही घरातील एकाने तिकडे लक्ष ठेवले पाहिजे. अपघात वलसाडला झाला असला, तरी वसईत राहणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी वलसाडच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. आपण जिथे राहतो त्या हद्दीतील न्यायाधिकरणापुढेच दावा दाखल करण्याची मुभा कायद्याने दिली आहे.