ड्रायव्हरची सीट

(इटारसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला 'कामावरील सुरक्षितता' हा विषय दिला आहे. या विषयावर आम्ही आजवर इतकी भाषणे केली आहेत की इथे पुढच्या रांगेत बसलेल्या काही मंडळींना ती पाठ असतील. म्हणून आज फक्त एका सीटबद्दल बोलतो. इंजिनच्या नाही, साध्या मोटारगाडीच्या. गाडी आपल्याच शाखेची आहे, आणि जे झाले त्यात चूक प्रशासनाची नाही, आमची आहे.

आधी थोडे आपल्या घरचे. वाफेच्या इंजिनावर ज्यांनी काम केले ते आता फार थोडे उरले. ब्रॉडगेजवरची वाफेची गाडी १९९५ साली थांबली. त्या इंजिनावर ड्रायव्हरला बसायला फळीच असे, आणि बराचसा प्रवास बाहेर डोके काढून उभ्यानेच होई. मग डिझेल आले, वीज आली, सीट आली. पण जुन्या इंजिनांतल्या सीटचा अनुभव इथल्या रनिंग स्टाफला सांगायला नको. गादी फाटलेली, पाठ डुगडुगणारी, पुढे-मागे करायचा खटका गंजून बसलेला. उंच माणसाचे गुडघे डेस्कला लागतात, बुटक्या माणसाला सिग्नल बघायला अर्धे उठावे लागते. आता आपल्या मुलीही लोको पायलट होऊ लागल्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली हे सगळ्यांनी वाचले असेल. एकाच मापाच्या पुरुषासाठी बनवलेली सीट या मुलींना कशी चालावी? या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षे निवेदने देत आलो. 'सीट ही चैन नाही, सीट हे ब्रेकइतकेच सुरक्षेचे साधन आहे,' हे वाक्य आमच्या निवेदनात असतेच. चांगले वाक्य आहे. आम्हीच लिहिले आहे.

आता गाडीची गोष्ट. आमची शाखा आमल्याला. कोणी आजारी पडले, कोणाचा अपघात झाला, रात्री-बेरात्री कोणाला नागपूरला न्यायचे झाले, तर रेल्वे कामगार असूनही वेळेवर रेल्वे मिळतेच असे नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून एक जुनी मोटार घेतली. बारा वर्षे वापरलेली, पेट्रोलची, पाच माणसांची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण गाडीत मुळात खोट नव्हती. घेताना आम्ही चौघे पदाधिकारी गेलो होतो. इंजिन ऐकले, टायर दाबून पाहिले, आरसी, विमा, पीयूसी सगळे कागद तपासले. विकणाऱ्याने सीटवर नवे कोरे रेक्झिनचे कव्हर घातले होते, ते पाहून खजिनदार खूश झाले. त्या कव्हरखाली हात घालून बघावे असे चौघांपैकी एकालाही सुचले नाही.

गाडी चालवायला एक तरुण ठेवला. शाखेतल्याच एका दिवंगत गँगमनचा मुलगा. महिन्याला ठरावीक रक्कम, नेमणुकीचे पत्र वगैरे काही नाही. आम्हाला तो 'साहेब' म्हणायचा. आम्ही सांगायचो, अरे, युनियनमध्ये साहेब कोणी नसतो. तरी म्हणायचा.

सहा-सात महिन्यांनी तो म्हणाला, "साहेब, सीट कधी कधी सरकते." आम्ही म्हटले, बघू. महिन्याभराने पुन्हा म्हणाला. तेव्हा खजिनदारांनी उपाय सांगितला. यार्डात डबा पळू नये म्हणून चाकाखाली लाकडी गुटका लावतात ना, तसा सीटच्या मागे एक गुटका ठोकून दिला. सीट थांबली. आम्हाला वाटले, काम झाले, पैसेही वाचले. त्यानंतर तो पोरगा काही बोलला नाही. तो का बोलला नाही याचा विचार आम्ही केला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रात्री इटारसीहून परत चाललो होतो. मागच्या सीटवर हॉस्पिटलातून सोडलेला एक ट्रॅकमन, पायाला प्लॅस्टर, आणि त्याची बायको. पुढे आम्ही. बरेठा घाटात नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग लागलेली. दहा हात पुढे जायचे, थांबायचे. चढावर गाडी न्यूट्रलमध्ये, पोराचा पाय ब्रेकवर. पुढचा ट्रक हलला. पोराने गिअर टाकायला क्लच दाबला, त्या जोराने सीट खाडकन मागे गेली. गुटका सटकला. पोराचे दोन्ही पाय पेडलवरून सुटले आणि गाडी उतारावर मागे निघाली. तो स्टिअरिंगला धरून स्वतःला पुढे ओढत होता, पण सीट त्याला मागे नेत होती. आमचा हात हँडब्रेकवर गेला तो नशिबाने. मागच्या ट्रकच्या बंपरला टेकून गाडी थांबली. एक दिवा फुटला, बाकी कोणाला ओरखडाही नाही. आमच्या डावीकडे दरी होती.

ट्रकचा ड्रायव्हर शिव्या देत उतरला. बॅटरीच्या उजेडात त्याने सीटखाली पाहिले, तो गुटका उचलून आमच्या हातात दिला, आणि एक शब्द न बोलता परत जाऊन बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सीट काढली तेव्हा काय निघाले ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी जुन्या गाड्या घेतल्या आहेत, आणि टपालातले मेल मोटारचे बंधूही इथे आहेत.

मोटारीची सीट दोन रुळांवर सरकते. आपल्याला हे समजायला सोपे. खालच्या रुळाला खाचा असतात आणि लॉकचा दात त्या खाचेत बसतो. पुढची दांडी उचलली की दात निघतो, सोडली की स्प्रिंगने परत बसतो. पुष्कळ गाड्यांत दोन्ही रुळांना लॉक असते, काही जुन्या छोट्या गाड्यांत एकाच बाजूला. आमच्या गाडीला दोन्हीकडे होते. एका बाजूच्या दाताची धार झिजून गोल झाली होती. दुसऱ्या बाजूचा दात चांगला होता, पण तो खाचेत पूर्ण बसतच नव्हता, कारण त्या नव्या कोऱ्या कव्हरचे इलॅस्टिक आणि हूक रुळात अडकले होते. म्हणजे पॉइंट सेट झालेला दिसतो, पण लॉक झालेला नाही. अशा पॉइंटवरून सिग्नल द्यायचा नाही हे आपल्याकडे नवीन पोरालाही शिकवतात. भर म्हणून मागच्या चार बोल्टांपैकी एक गायब, एक भलत्याच मापाचा. आणि पावसाचे पाणी झिरपून एका बोल्टाभोवतीचा पत्रा गंजायला लागलेला.

मेकॅनिक वयस्क होता, फार बोलणारा नव्हता. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. झिजलेल्या दातावर किंवा रुळावर वेल्डिंग करू नका, तापवलेल्या लोखंडाचा भरवसा नाही, शिवाय खाली कार्पेट असते आणि गाडीच्या पोटातून पेट्रोलची नळी जाते. दोन्ही रुळांचा जोड पूर्ण बदला. आणि भंगारातून आणायचा असेल तर ठोकलेल्या गाडीचा आणू नका, रूळ वाकलेला असतो आणि डोळ्याला दिसत नाही. गंजलेला पत्रा मात्र कापून नवा लावावा लागला. ते वेल्डिंग त्याने सीट, कार्पेट सगळे बाहेर काढून, बॅटरीची तार सोडवून, नळी झाकून केले. ज्यांच्या गाड्या त्यामानाने नव्या आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की सीटखाली एअरबॅगच्या आणि पट्ट्याच्या तारा असू शकतात, बहुधा पिवळ्या जोडाच्या. तिथे आपण हात घालू नये, जाणत्याकडे जावे.

पट्ट्यावरून आठवले. २०१९ च्या कायद्यानंतर पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, म्हणून आता बहुतेक जण लावतात. पण ज्या कुलपात तो पट्टा अडकवतो ते कुलूप पुष्कळ गाड्यांत सीटच्याच सांगाड्याला बसवलेले असते. सीटच जमिनीला धड धरलेली नसेल तर पट्टा तुम्हाला कशाला बांधणार?

आणखी एक खोड आम्हा सगळ्यांचीच. गादीचा फोम बसला की खाली घडी घातलेली चादर टाकायची, पाठीमागे उशी. चादर घसरते, तिच्यासोबत माणूसही पट्ट्याखालून घसरतो. फोम बदलून घ्यावा, ते काम गादीवालाही करतो. बसायची रीत म्हणाल तर क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ टेकलेली, आणि हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. तपासायला पाच मिनिटे लागतात. गाडी सपाटीवर बंद उभी करा, सीटवर बसा, पाय जमिनीला रोवून जोराने मागे रेटा, मग पुढे ओढा. प्रत्येक खाचेवर. दोन्ही बाजूंचा 'खट्' आवाज आला पाहिजे. पाठ मागे पाडायचा खटकाही तसाच रेटून बघा. सीटखालची बाटली, पाना, नाणी काढून टाका, ती पुढे घरंगळून पेडलखाली जातात. विकत घ्यायच्या गाडीचे कव्हर आधी उचलून बघा. पोस्टमन बंधूंची सायकलची सीट एका नटावर असते, तो ते नट रोज सकाळी हाताने चाचपतो. आम्हाला मोटारीत ते जमले नाही.

हे झाले लोखंडाचे. त्यानंतर कार्यकारिणीची बैठक झाली. ती सोपी नव्हती. एक सभासद म्हणाले, पोराने जोर देऊन सांगायला हवे होते. आम्ही पोराला बोलावून विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा ड्रायव्हर बघितला असता."

बंधूंनो, हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले आहे. कंत्राटी सफाई कामगाराच्या तोंडून ऐकले आहे, ग्रामीण डाकसेवकाच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते ऐकून आम्ही टेबलावर मूठ आपटली आहे. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आम्हीच होतो. 'बघू' म्हणणारे आम्ही, खर्च वाचवणारे आम्ही, गुटका ठोकणारे आम्ही. १९७३ साली रनिंग स्टाफ दहा तासांच्या ड्युटीसाठी लढला, १९७४ च्या मे महिन्यात संपात घरेदारे पणाला लागली, त्या परंपरेचे नाव घेणाऱ्या शाखेत एका माणसाकडे नेमणुकीचे पत्र नव्हते. खजिनदार त्या बैठकीत रडले. आम्ही हे त्यांच्या परवानगीने सांगतो आहोत.

ठराव दोन झाले. पोराला लेखी नेमणूक, रजा आणि विमा. आणि गाडीत एक वही. इंजिनवर लोको पायलट दोष लिहून ठेवतो, तशी. त्याने लिहिलेला दोष दुरुस्त होऊन खाली मेकॅनिकची सही पडेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, मग सेक्रेटरी कितीही घाईत असो. हे शेवटचे वाक्य त्या पोराने घालायला लावले.

पहिले काही महिने तो लिहायला बिचकत असे. आता लिहितो. वायपरचे रबर, डाव्या आरशाचा स्क्रू, हॉर्न. काही सभासद कुरकुरतात की क्षुल्लक गोष्टींसाठी गाडी उभी राहते. कुरकुर आम्ही ऐकून घेतो. साहेब म्हणणे मात्र त्याने अजून सोडलेले नाही.

परवा त्याने लिहिले की पुढच्या ब्रेकचा आवाज येतो. पॅड आज संध्याकाळी बदलून मिळणार आहेत. म्हणून आम्ही आज आमल्याहून पॅसेंजरने आलो आणि तुम्हाला पाऊण तास ताटकळत ठेवले. त्याबद्दल क्षमा असावी. आता प्रश्न विचारा.