पाचोळ्यातला भुंगेरा

वालूरची बारव बघायला लांबून माणसे येतात. पाचोळा बघायला कोण येणार? आपण तर त्याला काडी लावून मोकळे होतो! पण त्यात मोहरीहून बारीक भुंगेरे असतात. काही कुजल्या पानांवरची बुरशी खातात. कित्येकांना अजून नावच नाही.

नाव देतात कसे? पाचोळा चाळून नरसाळ्यात घालतात, वर दिवा लावतात. उष्णतेला भिऊन किडा खाली सरकतो, स्पिरिटच्या बाटलीत पडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाय, मिशा, पाठ जुन्या नमुन्यांशी ताडून बघतात. कशाशीच जुळले नाही, तर जात नवी. तिचे वर्णन छापतात, नमुना जपून ठेवतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रात असे नमुने आहेत.

एका भुंगेऱ्याला तर ‘ओमॉर्गस खानदेश’ असे आपल्याकडच्या मुलखाचे नाव मिळाले आहे. बाटली येण्याआधी पाचोळा जळाला, तर त्यातला किडा बिननावाचाच गेला.