लेस्टरचे विद्यापीठ आणि निरपराध्याचा साक्षीदार



स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुतळा किंवा स्तंभ उभा राहतो. इंग्लंडमधील लेस्टर शहराने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या माणसांचे स्मारक म्हणून महाविद्यालय काढले. युद्धकाळात जेथे जखमी सैनिकांचे इस्पितळ होते, त्याच इमारतीत १९२१ साली वर्ग सुरू झाले. १९५७ साली राजसनद मिळून त्याचे विद्यापीठ झाले.

अशा विद्यापीठाचा दुर्बल माणसाला उपयोग काय, असे आपण विचाराल. वकील या नात्याने मी त्याचे उत्तर दोन प्रकरणांनी देतो.

१० सप्टेंबर १९८४ रोजी येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधून काढली. पुढच्याच वर्षी घानाहून इंग्लंडला परतलेला एक मुलगा आपल्याच आईचा आहे, हे सरकार मानावयास तयार नव्हते. या रीतीने नाते सिद्ध झाले आणि मुलगा आईजवळ राहिला.

दुसरे प्रकरण लेस्टरजवळच्या खेड्यांतले. तेथे १९८३ व १९८६ साली दोन अल्पवयीन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने पोलिसांपुढे दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिला खूनही त्याचाच ठरावा, म्हणून पोलिसांनी जेफ्रीज यांची मदत घेतली. निष्कर्ष उलट निघाला! दोन्ही खून एकाच इसमाचे होते, परंतु तो इसम हा मुलगा नव्हता. मुलगा सुटला. खरा गुन्हेगार १९८७ साली सापडला व १९८८ साली त्यास जन्मठेप झाली.

गुन्ह्याच्या तपासात या शोधाने दोषी माणसाला पकडण्याआधी निर्दोष माणसाला सोडविले, हे आपण ध्यानात ठेवा. कोठडीतील एकाकी माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो. त्याच्या बाजूने बोलावयास कोणी नसते, तेव्हा विद्या त्याची साक्षीदार होते.

मात्र हीच विद्या सत्तेच्या हाती जुलमाचे साधनही होऊ शकते. दोषी न ठरलेल्यांचे डीएनए नमुने ब्रिटिश सरकार सरसकट राखून ठेवीत होते. २००८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते हक्कांचे उल्लंघन ठरविले.

म्हणून विद्या हवी आणि तिच्यावर कायद्याचा पहाराही हवा. कोणाच्या कबुलीचा गाजावाजा झाला की आपण एकच प्रश्न विचारा: पुरावा कोठे आहे?