यंत्रमागांच्या गावात आपले स्वागत



कामवारी नदीच्या काठी वसलेल्या भिवंडीत मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करते. लोकसंख्येवरची परिषद भिवंडीत कशासाठी, असे काहींनी विचारले. लोकसंख्येविषयीचे कितीतरी गैरसमज याच गावाच्या नावावर सांगितले जातात. ते तपासायचे तर इथेच तपासावेत, असे मला वाटते.

२००१च्या जनगणनेत भिवंडीची वस्ती सुमारे सहा लाख होती, २०११मध्ये ती सात लाखांपुढे गेली. आकडा ऐकला की लोक म्हणतात, इथल्या घरांत मुले फार. पण या वाढीत बाहेरून पोट भरायला आलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार बारा बारा तासांची पाळी करतो, मीटरवर मजुरी घेतो आणि दाटीवाटीच्या खोलीत पाठ टेकतो. त्याची बायकामुले बहुधा ‘मुलखात’ असतात. बायको इथे आलीच, तर बाळंतपणाला परत गावी जाते. गरोदरपणाची तपासणी एका राज्यात, प्रसूती दुसऱ्या राज्यात आणि बाळाची लस दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहून गेलेली, हे मी डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षे पाहते आहे.

या माणसाला चार मुले असतील तर ती अडाणीपणामुळे, असे मी कधीच म्हणणार नाही. ज्याला म्हातारपणी पेन्शन नाही, ज्याच्या घरात एखादे बाळ दगावलेले आहे, ज्याच्या मुलीची शाळा सातवीतच सुटते, तो आपल्या परीने पुढच्या दिवसांची तजवीक करत असतो. आपल्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन आलेल्या कातकरी कुटुंबात लहान पोरही विटा उलथायला लागते. तिथे मूल हा खर्च वाटण्याआधी हात वाटतो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शाळेत न गेलेल्या स्त्रीमागे सरासरी २.८ मुले आहेत, बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या स्त्रीमागे १.८. महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७, बिहारचा जवळपास ३. एकाच देशात एवढे अंतर का, याचे उत्तर शाळा, दवाखाना आणि लग्नाचे वय यांत शोधावे लागते. धर्माकडे बोट दाखवणाऱ्यांनी हेही पाहावे, की १९९२-९३मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, तो २०१९-२१मध्ये २.४वर आला. भिवंडीतल्या मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांना या घसरणीचे आश्चर्य वाटणार नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नावर फार लवकर विचार केला. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी पुढे नोकरी गमावली. १९३८मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींसाठी ठराव आणला. तो फेटाळला गेला. पुढे १९७६मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. आधीच्यांनी बाईच्या हाती साधन द्यायचे म्हटले होते, नंतरच्यांनी तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर हुकूम सोडायचे ठरवले. त्या काळातल्या नसबंदीच्या सक्तीची दहशत पुढे कित्येक वर्षे कुटुंबनियोजनाला नडली.

आपल्यासारखेच कापडावर जगणाऱ्या बांगलादेशाकडे पाहा. १९७०च्या दशकात तिथे एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. आज ती दोनच्या आसपास आहेत. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांनी हे घडवले आणि कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत लाखो मुलींना पगार मिळाला, त्याचाही त्यात वाटा आहे. स्वतः कमावणाऱ्या मुलीच्या लग्नाची घाई घर करत नाही. भिवंडीतही कापडच विणले जाते, पण माग पुरुष चालवतात आणि बायकांच्या वाट्याला घरबसल्या धागे कापण्यासारखी, हिशेबात न येणारी कामे येतात. हा फरक मला फार अस्वस्थ करतो. महामार्गालगतच्या गोदामांत आता मुलींना काम मिळू लागले आहे. तिथे सुरक्षित वाहन, पाळणाघर आणि वेळेवर पगार मिळाला, तर त्याचा परिणाम कुठल्याही भित्तिपत्रकाहून मोठा होईल.

आणि पुरुषांचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली आढळते. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. पुरुषांची ही शस्त्रक्रिया सोपी असूनही टाक्यांचे दुखणे बाईनेच सोसायचे, हा अन्याय आहे आणि तो या सभागृहात मोठ्याने बोलला जावा.

माझी एकच मागणी आहे. आपल्या ठरावांत गर्भनिरोधनाच्या साधनांच्या शेजारी पाळणाघर, मुलींसाठी बारावीपर्यंतची शाळा, असंघटित कामगाराला निवृत्तिवेतन आणि राज्याची हद्द ओलांडली तरी सोबत जाणारे माता-बाल आरोग्य कार्ड, या गोष्टीही लिहा. त्या कोणत्या खात्याने आणि किती मुदतीत करायच्या, तेही लिहा. भिवंडी महापालिकेकडे त्यांचा पाठपुरावा आमची स्वागत समिती करील. आता मी अध्यक्षांना परिषदेचे काम सुरू करण्याची विनंती करते.